इंजिन ०.०० दाखवतं म्हणजे डाव खरंच ड्रॉ असतो का?

घोडा_अडीच_घरं (फोंडा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या. शाळेत असताना मी बऱ्यापैकी खेळायचो, मग मधे वीस-बावीस वर्षं पट माळ्यावर. आता मुलगा (वय १२) क्लासला जातो, त्याला सोडायला-आणायला जाता जाता मीपण परत बसायला लागलो. रेटिंग-बिटिंग काही नाही.

गेल्या आयतवारी एक दिवसाची रॅपिड होती, १५ मिनिटं अधिक १० सेकंद. त्यातल्या दोन डावांनी डोकं खाल्लंय.

पहिला डाव, मी काळा. हत्ती आणि तीन प्यादी माझी, समोर हत्ती आणि चार प्यादी, सगळी राजाच्याच बाजूला. माझी प्यादी एफ-७, जी-६, एच-५ अशी. घरी येऊन डाव मोबाईलवर इंजिनला (डाव तपासून कोण किती वर आहे ते आकड्यात सांगणारा प्रोग्राम) टाकला तर जवळजवळ तीस चाली तो कोण वर ते दाखवणारा पांढरा-काळा बार मधोमध, ०.०० नाहीतर फार तर ०.३. आणि मी हरलोय! पोरगा म्हणतो, "बाबा, पूर्ण ड्रॉ होता, तू एका चालीत घालवलास." एका चालीत म्हणजे मी हत्तीला हत्ती दिला, म्हटलं कटकट मिटेल, राजा आणि प्यादी काय, बघून घेऊ.

दुसरा डाव, मी पांढरा. विरुद्ध रंगाचे उंट (माझा पांढऱ्या घरांतला, त्यांचा काळ्या), माझी दोन प्यादी जास्त, डी आणि ई फाईलवर जोडीनं पाचव्या रांगेत. समोर साठीच्या पुढचे एक काका. ते शांतपणे म्हणाले ड्रॉ? मी पाच मिनिटं बघितलं, काही घुसता येईना, हात मिळवला. घरी इंजिन म्हणतं +१.९. झालं, रात्री जेवताना परत तेच, "जिंकलेला डाव सोडून आलास."

म्हणजे जिथे मशीन शून्य म्हणतं तिथे मी हरतो आणि जिथे मशीन जवळजवळ दोन म्हणतं तिथे एक म्हातारा माणूस सहज सांगतो की काही नाही यात. नेमका विश्वास कुणावर ठेवायचा? आणि पोराला काय सांगू, तो तर बार बघूनच हसतो किंवा रडतो.

---

तिरका_उंट (पर्वरी)

पहिला प्रश्न, ॲपमध्ये इंजिन कुठलं आहे आणि किती नंबरचं? सेटिंगमध्ये "अबाउट"ला लिहिलेलं असतं. हे विचारल्याशिवाय +१.९ ला काहीच अर्थ नाही, आणि इथे सगळेच आकडा लिहितात, इंजिन कुणीच लिहीत नाही.

कारण असं की आकड्याचा अर्थच बदललाय. पूर्वी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याइतकं वर असं आपण समजायचो. स्टॉकफिशनं (बहुतेक ॲपमध्ये असतं ते इंजिन) १५.१ आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) तो अर्थ बांधून टाकला, +१.०० म्हणजे ते स्वतःशीच खेळलं तर ती बाजू जिंकायची शक्यता ५० टक्के. उरलेले ५० टक्के मुख्यतः ड्रॉ. म्हणजे नव्या हिशोबात +१.९ हा फार मोठा आकडा झाला, जुन्यात तसा नव्हता. आणि २०२० च्या सप्टेंबरात १२ नंबरची आवृत्ती आली तिच्यात न्यूरल नेटवर्क घातलं, ती कल्पना शोगीवाल्यांकडून (शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ) आलेली. त्याच्या आधीचं स्टॉकफिश माणसांनी लिहिलेल्या नियमांवर चालायचं, प्याद्याला इतके गुण, मोकळ्या फाईलला इतके.

यात "स्वतःशी खेळलं तर" हे शब्द महत्त्वाचे. आकडा तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही, समोरच्या काकांबद्दल पण नाही. दोन राक्षस खेळले तर काय होईल याचा तो अंदाज आहे.

आणि ०.०० तर अजूनच फसवा, कारण तो किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि स्क्रीनवर सगळा सारखाच दिसतो. एक, टेबलबेसमध्ये (थोडे मोहरे उरलेल्या, आधीच पूर्ण सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा) बघून आलेला, तो पक्का. दोन, इंजिनला शोधात तीच स्थिती परत आलेली दिसली. नियमाप्रमाणे तीनदा आली की ड्रॉ, पण ते तीनदा यायची वाट बघत नाही, एकदा परत दिसली की तिथंच ड्रॉ धरतं. म्हणजे कधी कधी त्याचा अर्थ एवढाच की "मला यापेक्षा बरं काही सापडलं नाही, हत्ती इकडून तिकडे करूया". आणि तीन, नुसता अंदाज जो योगायोगानं शून्याजवळ आलाय.

उलट बाजूचं उदाहरण पाहिजे तर पेनरोझची स्थिती शोधून बघा. २०१७ मध्ये रॉजर पेनरोझ (तेच, फिजिक्सवाले) यांच्या संस्थेनं लोकांसमोर ठेवली होती. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी, बास. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, पण तिन्ही उंट काळ्या घरांतले आणि वजीर-हत्ती आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेले. पांढऱ्या राजानं पांढऱ्या घरांवर फिरत राहायचं, कुणी काही करू शकत नाही. माणसाला दोन मिनिटात कळतं. त्या वेळची इंजिनं काळा धो धो जिंकतोय म्हणत होती.

---

एकप्यादं_पुढे (डिचोली)

मी तर सांगतो इंजिन बंद करा. आमच्या वेळी पट, दोन माणसं आणि एक कटिंग, एवढ्यात सगळं कळायचं. काकांना कळलं ना? मग झालं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्ल्ड कप आपल्या हडफड्याला आला तेव्हा आमच्या ग्रुपवर एकहीजण पट बघत नव्हता, सगळे बार बघत होते. फायनलचे दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉ झाले, "बोअर बोअर" म्हणून मेसेज, मग रॅपिडमध्ये सिंदारोवनं वेई यीला हरवलं तेव्हा सगळे जागे. तो ड्रॉ कसा टिकवला, किती कष्टानं टिकवला, कुणाला पडलेली नव्हती.

---

काणकोणची_वजीर

@एकप्यादं_पुढे बारचं पटलं, पण "माणसाला सगळं कळतं" हे नाही हो पटत.

दोन उंट विरुद्ध एकटा घोडा, कुणाकडेच प्यादं नाही. क्लिंग आणि हॉर्विट्झ या दोघांनी १८५१ मध्ये घोड्यासाठी एक बचावाची जागा दाखवली आणि मग सव्वाशेहून जास्त वर्षं पुस्तकं एकमेकांची बघून लिहीत राहिली, ड्रॉ. १९८३ मध्ये केन थॉम्पसननं (तोच युनिक्सवाला) कॉम्प्युटरला सगळ्या स्थिती उलट्या बाजूनं मोजायला लावल्या आणि निघालं की बहुतेक ठिकाणी उंटवाला जिंकतो, फक्त घोडा हाती लागायला कधी कधी ६६ चाली लागतात. मग पन्नास चालींच्या नियमाचं काय (तेवढ्या चाली ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं तर ड्रॉ मागता येतो), म्हणून फिडेनं (बुद्धिबळाची जागतिक संघटना) अशा काही एंडगेमना (थोडे मोहरे उरलेला शेवटचा टप्पा) चाली वाढवून दिल्या आणि १९९२ मध्ये परत सगळ्यांना ५० वर आणलं.

आणि २०१८, लंडन, विश्वविजेतेपदाची लढत, कार्लसन-कारुआना, सहावा डाव. कार्लसननं (पांढरा) एक मोहरा देऊन तीन प्यादी घेतली आणि किल्ला बांधून बसला, म्हणजे समोरच्याला घुसताच येऊ नये अशी मांडणी. बघणाऱ्या सगळ्यांना वाटलं ड्रॉ, आणि ८० चालींनी झालाही ड्रॉच. पण नॉर्वेतल्या सेसे नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरनं ६८ व्या चालीला काळ्याची मात शोधली होती, उंट एच-४ वर, तिथून पुढे ३६ चालीत. मधे एका ठिकाणी घोडा जी-१ वर, चक्क पांढऱ्याच्या घरात कोपऱ्याशी नेऊन ठेवायचा. कुठला माणूस खेळेल ते? म्हणजे तो "किल्ला" पण माणसाचा अंदाजच होता की.

---

एकप्यादं_पुढे (डिचोली)

३६ चालीत मात कुणाला दिसत नाही, म्हणजे व्यवहारात ड्रॉच झाला ना? माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत वजीरबाई 😄

---

जुना_हत्ती (म्हापसा)

उशिरा लिहितोय, काल संध्याकाळी पावसात लाईट गेली ती रात्रीच आली.

मी तीसेक वर्षं मुलांना शिकवतोय. घोडा अडीच, तुझ्या दोन्ही डावांबद्दल सांगतो, पण आधी पहिला, कारण तोच जास्त शिकवणारा आहे आणि तू तो एका ओळीत उडवलास.

हत्ती आणि चार विरुद्ध हत्ती आणि तीन, एकाच बाजूला, एफ-७ जी-६ एच-५. ही प्याद्यांची मांडणी जगात जितकी बरी असू शकते तितकी बरी आहे, ड्रॉ मानली जाते, इंजिन खोटं बोलत नव्हतं. पण ड्रॉ आहे तो हत्ती पटावर असेपर्यंत. हत्ती गेले की चार विरुद्ध तीन प्याद्यांचा एंडगेम बहुतेक वेळा सरळ हरलेला. म्हणजे तुझ्या त्या तीस चाली ०.०० च्या होत्या तेव्हा प्रत्येक चालीत एक खड्डा शेजारी होता, "हत्ती बदल" नावाचा. तू तीसदा बाजूनं गेलास, एकतिसाव्यांदा पडलास. बारमध्ये तो खड्डा दिसत नाही कारण बारचं काम फक्त सगळ्यात चांगल्या चालीनंतर काय होईल ते सांगायचं.

वाईट वाटून घेऊ नको, तुझ्यापेक्षा मोठी माणसं त्याच खड्ड्यात पडली आहेत. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, विश्वविजेतेपदाची लढत, गुकेश आणि तेव्हाचा विश्वविजेता डिंग, चौदावा डाव. डिंगकडे हत्ती, उंट, एक प्यादं. गुकेशकडे हत्ती, उंट, दोन प्यादी. ड्रॉ, सगळी इंजिनं म्हणत होती ड्रॉ, आणि आमच्या क्लासची पोरं तर दप्तर भरून घरी निघाली होती. ५५ वी चाल, डिंगनं हत्ती एफ-२ वर आणून बदलायला ठेवला. गुकेशनं मारला, लगेच उंट समोर आणून उभा केला, उंटही बदलावा लागला आणि उरलेला प्याद्यांचा एंडगेम हरलेला. तीन चाली पुढे डाव संपला, १८ वर्षांचा मुलगा विश्वविजेता. डिंगला प्याद्यांचा एंडगेम येत नव्हता का? चौदा डाव खेळून दमलेला, घड्याळ चालू, तुझ्यासारखंच त्यालाही वाटलं असेल की कटकट मिटेल.

त्याआधी २०२१, दुबई, तीच लढत, कार्लसन-नेपो (नेपोम्नियाची), तोही सहावाच डाव. १३६ चाली, पावणेआठ तास. शेवटी एका बाजूला एकटा वजीर, दुसरीकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी. टेबलबेस म्हणत होतं ड्रॉ. १३० व्या चालीला नेपोनं वजीर चुकीच्या घरात नेला आणि तिथून हरलेला. म्हणजे जिथे ड्रॉ हा अंदाज नाही तर गणितानं सिद्ध झालेला, तिथेसुद्धा विश्वविजेतेपदाचा आव्हानवीर हरू शकतो. पट सिद्ध असतो रे, माणूस नसतो.

मी मुलांना बार झाकायला लावतो आणि एकच विचारतो, ड्रॉ टिकवायला इथे किती चाली चालतात? इंजिनला एकाऐवजी पाच ओळी दाखवायला सांग, म्हणजे पाच वेगवेगळ्या चाली आणि प्रत्येकीचा आकडा. पाचही ओळींत ०.०० तर निवांत, पंखा लावून खेळ. पहिल्या ओळीत ०.०० आणि दुसरीपासून ४, ५, ६ तर तो ड्रॉ नव्हे, ती साकवावरून चाललेली वाट आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी बघायचं. समोरच्याला काहीच जपायचं नाही, तो हवा तसा खेळून परत प्रयत्न करू शकतो, आणि तुला मात्र दरवेळी अचूक, तर ते शून्य त्याचं आहे, तुझं नाही.

आता दुसरा डाव. त्याची नेमकी स्थिती टाक, मग बोलू. विरुद्ध उंटात दोन जोडीची प्यादी कधी जिंकतात कधी नाही, "विरुद्ध उंट म्हणजे ड्रॉ" हे पण घोकलेलं अर्धसत्यच.

---

घोडा_अडीच_घरं (फोंडा)

सर, हत्ती बदलाचं वाचून गप्पच झालो. तीसदा बाजूनं गेलो हे माहीतच नव्हतं.

@तिरका_उंट बघितलं, स्टॉकफिश ११ लिहिलंय! ॲप कधीचं आहे देव जाणे, जुन्या फोनवरून नव्यावर तसंच आलं.

दुसऱ्या डावाची स्थिती, हात मिळवला तेव्हाची, वहीत लिहिलेली होती. पांढरा (मी): राजा ई-४, उंट एफ-३, प्यादी डी-५ आणि ई-५. काळा: राजा ई-७, उंट सी-७. आणि कडेला दोघांचं एकेक प्यादं एकमेकांना अडवून बसलेलं, ती बाजूची प्यादी.

---

जुना_हत्ती (म्हापसा)

काका तयारीचे आहेत! कडेची प्यादी क्षणभर विसर आणि उरलेले सहा मोहरे पटावर मांड. मोबाईलवर नको, खऱ्या पटावर मांड.

काळ्याचा उंट सी-७ वर आहे, तिथून तो एकाच तिरक्या रेषेत दोन कामं करतो. डी-६ अडवून धरतो आणि ई-५ च्या प्याद्यावर नेम धरतो. ई-५ काळं घर, तुझा उंट पांढऱ्या घरांतला, म्हणजे ते प्यादं फक्त तुझा राजाच राखू शकतो. आता राजाला प्याद्यांच्या मदतीला पुढे न्यायचं ठरवलंस की ई-५ पडलं. डी-६ ढकललंस तर उंटानं मारलं, तू मारलंस, राजानं मारलं, उरला एकटा उंट, ड्रॉ. ई-६ ढकललंस तर तुझी दोन्ही प्यादी पांढऱ्या घरांत आणि समोरची डी-६ नि ई-७ ही दोन्ही घरं काळी. एकात राजा, एकात उंट बसला की तुझा उंट जन्मभर फिरला तरी त्या घरांना हात लावू शकत नाही. काळ्याला फक्त उंट बी-८, सी-७, बी-८ असा हलवत राहायचा, पाववाल्या पोदेरासारखी रोजची फेरी.

हेच जर काळ्याचा उंट बी-४ वगैरे कुठे असता, डी-६ धरून पण ई-५ वर नेम नसता, तर गोष्ट वेगळी. तू राजा सी-६ कडे फिरवून डी-६ तयार केलं असतंस. प्यादी तीच, मोहरे तेच, एका उंटाचं घर बदललं की निकाल बदलतो. म्हणून विचारलं नेमकी स्थिती काय.

कडेच्या प्याद्यांनी थोडा फरक पडू शकतो, तुझा राजा तिकडे जाऊन ते प्यादं खाईल का हे बघायला पाहिजे, पण राजा तिकडे गेला की ई-५ सुटतं. मी काकांच्या जागी असतो तर मीही ड्रॉ विचारला असता. आणि तुझ्या जागी असतो तर लगेच दिला नसता, पंधरा चाली अजून खेळलो असतो. देण्यात घाई झाली, चूक नव्हे.

---

तिरका_उंट (पर्वरी)

११ म्हणजे जानेवारी २०२०! नेटवर्कच्या आधीचं, तेव्हा +१.९ चं कोडं सुटलं. दोन प्यादी मोजली, विरुद्ध उंट म्हणून थोडे कापले, उरले ते दाखवले. ॲप अपडेट करा आणि तीच स्थिती टाकून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा.

सरांच्या सहा मोहऱ्यांबद्दल, ते तर विचारायचीच गरज नाही, टेबलबेस आहे ना. लिचेसवर (बुद्धिबळाची फुकट वेबसाईट) पटावर राजे-प्यादी धरून सात किंवा कमी मोहरे राहिले की ओपनिंग एक्सप्लोररच्याच जागी ते उघडतं, फुकट. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती सुटलेल्या आहेत. २०१२ मध्ये मॉस्कोवाल्यांनी आधी केल्या, मग २०१८ मध्ये सिझिगी नावाच्या पद्धतीत झाल्या. सातचा सगळा डेटा १७-१८ टेराबाइट, सहाचा जेमतेम दीडशे गिगाबाइट. तिथे आकडा नसतोच, जिंकलं, हरलं, ड्रॉ, बास. तिथे जे लिहिलंय ते मत नाही.

पण त्यातही एक गंमत आहे. पन्नास चालींच्या नियमामुळे "शापित विजय" नावाचा प्रकार असतो, म्हणजे मात आहे पण मधे ५० चाली ना प्यादं हलत ना काही मारलं जात, समोरच्यानं ड्रॉ मागितला की संपलं. काही सात मोहऱ्यांच्या स्थितीत मात पाचशेहून जास्त चालींवर आहे. वजीरबाईंचे दोन उंट-घोडा त्यातलेच थोडे. तेव्हा "खरा निकाल" पण कुठल्या नियमानं विचारता त्यावर.

आठव्या मोहऱ्यापासून मात्र परत अंदाज सुरू. किल्ला आहे की नाही हे बघायची माझी एक सवय सांगतो. आकडा किती हे बघू नका, तो हलतोय का ते बघा. इंजिनच्याच चाली दोन्ही बाजूंनी खेळत जा, दहा-पंधरा चाली. खरंच जिंकणारी बाजू असेल तर आकडा चढत जातो, २ चा ३ होतो, ३ चा ५. किल्ला असेल तर १.९, १.९, १.८, राजा इकडे, राजा तिकडे. शिवाय पन्नासचा काउंटर वाढत जातो तसं स्टॉकफिश स्वतःच आकडा खाली आणत नेतं, म्हणजे बढाई मारून मारून शेवटी कबूल करतं.

---

काणकोणची_वजीर

यात भर, तीच गोष्ट इंजिन विरुद्ध इंजिन स्पर्धांत दिसते. टीसेकमध्ये (त्यातली एक मोठी स्पर्धा) सुरुवातीपासून मोकळं खेळायला दिलं तर सगळे डाव ड्रॉच होतील म्हणून मुद्दाम एका बाजूला वाकडी ओपनिंग देतात आणि मग रंग बदलून परत तीच. पत्रानं खेळतात त्या बुद्धिबळात इंजिन वापरायला परवानगी आहे, तिथेही वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत. म्हणजे मशीनला पट हा मुळातच जवळजवळ ०.०० दिसतो, पहिल्या चालीपासून. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत मात्र आठ बोर्डांवर एक ड्रॉ होत असेल तर नशीब.

म्हणून मुलाच्या ओपनिंगमध्ये "इथे ०.०० आहे म्हणून ही लाईन वाईट" असं तो म्हणायला लागला की सावध राहा. माझ्या भाचीनं असंच करून एक छान गुंतागुंतीची लाईन टाकून दिली, का तर +०.३ ऐवजी ०.०० दाखवतं. समोरच्या मुलीला त्यात सहा अचूक चाली शोधायला लागल्या असत्या, ते कुणी बघितलंच नाही.

---

एकप्यादं_पुढे (डिचोली)

मी इंजिन बंद करा म्हटलं ते मागे घेतो. पाच ओळींची गोष्ट करून बघितली, माझा एक जुना हरलेला डाव टाकला. पहिली ओळ ०.००, दुसरी साडेचार. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आलोय की तो डाव मी "हातातला ड्रॉ" घालवला 🙈

पण बार झाकायचं ते मात्र सरांचं शंभर टक्के.

---

घोडा_अडीच_घरं (फोंडा)

आठवडाभरानं येतोय, उशिराबद्दल माफी, घरी चतुर्थीची गडबड होती, माटोळी बांधण्यापासून सगळं.

अपडेट केलं. तीच दुसऱ्या डावाची स्थिती, कडेच्या प्याद्यांसकट, आता सुरुवातीला +०.५ आणि मिनिटभरात ०.१ वर येऊन बसली. कडेची प्यादी काढून सहा मोहरे टेबलबेसला विचारले, ड्रॉ. पोरगा बघत होता. म्हणतो "मग ते काका बरोबर होते?" म्हटलं होय बाबा, काका बरोबर होते आणि त्यांच्याकडे फोन पण नव्हता. त्याचं उत्तर, "त्यांनी नवीन व्हर्जन टाकलं असेल." आता याला काय बोलणार.

पहिल्या डावाचं सर म्हणाले तसं पाच ओळी लावून चाल-चाल बघितली. पहिल्या वीसेक चालीत चार-पाच ओळी शून्यातच, मग हळूहळू तीन, मग दोन. हत्ती बदलला त्याच्या आधीच्या चालीला एकच चाल उरली होती. म्हणजे मी त्या एका चालीत नाही घालवला, आधीच्या दहा चालीत वाट अरुंद करत आणली, बार मात्र तसाच मधोमध. हे पोराला दाखवलं तेव्हा पहिल्यांदा तो बारकडे न बघता ओळी मोजायला लागला.

मग दोघांनी ठरवलं, रोज जेवणानंतर एकदा ती स्थिती पटावर मांडायची, मी काळा, तो पांढरा, आणि तो पाहिजे तर फोन बघून खेळणार, मी नाही. १० मिनिटांचं घड्याळ. आतापर्यंत सात डाव. दोन टिकवले, पाच हरलो.

---

जुना_हत्ती (म्हापसा)

सातात दोन वाईट नाही, समोर फोन आहे. पाच कसे हरलास ते लिहून ठेवलंयस का?

---

घोडा_अडीच_घरं (फोंडा)

ठेवलंय सर. एकदा वेळ संपला. उरलेल्या चारही वेळा एकच, घाबरून हत्ती मागच्या रांगेत नेऊन बसवला, राजाला चिकटून. दोन टिकवले त्यात हत्ती लांब, त्याच्या प्याद्यांच्या मागे होता.

---

जुना_हत्ती (म्हापसा)

मग आठव्या डावात हत्ती ए-फाईलवर सोडून बघ, आणि तो एफ-प्यादं पुढे ढकलायला लागला की लगेच शह देऊ नको, आधी दोन चाली वाट बघ. झालं की इथे टाक.

---

घोडा_अडीच_घरं (फोंडा)

आज रात्रीच. पोरगा पट मांडून बसलाय, "ये लवकर, आज फोन बिन नको" म्हणतोय. देव बरें करूं सर.